वीतभर कच्ची जागा

कोपरीच्या मिठागरात काळुरामचा वाफा न विचारता ओळखू यायचा. मीठ पिकवायचं म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात सोडायचं आणि मीठ ओढून काढायचं, एवढंच लोकांना ठाऊक असतं. तेवढ्याने मीठ पिकलं असतं तर ठाण्याच्या वकिलांनीही अंगणात पिकवलं असतं. खरं काम त्याआधीचं, जमिनीचं. पावसाळा सरला की वाफ्यातलं पाणी काढायचं, चिखल पायांनी तुडवायचा आणि मग लाकडी चोपण्याने दिवसचे दिवस चोपत बसायचं, जमीन पाटीसारखी घट्ट होईपर्यंत. कुठे बोटभर जागा कच्ची राहिली की मिठात माती येते, मीठ काळं पडतं आणि सरकारी इन्स्पेक्टर नाक मुरडून पुढे जातो. काळुरामच्या मिठाला तीस वर्षांत कुणी नाक मुरडलं नव्हतं. तो वाफ्यावरून एकदा अनवाणी चालायचा आणि कुठे काय राहिलंय ते सांगायचा. “डोल्यांना क समजतंय? टाचंला इचार,” असं त्याचं म्हणणं असे.

त्या आगरात एक रीत होती. दुसऱ्याच्या वाफ्यातली खोट बोलून दाखवायची नाही. दिसली तर तो जेवायला जाईपर्यंत थांबायचं, चार टोपल्या चिखल घालायचा, चोपून जागा भरून काढायची आणि आपल्या कामाला लागायचं. ज्याचा वाफा त्याला परत आल्यावर टाचेने कळायचंच. तोही काही बोलायचा नाही. फार तर दुसऱ्या दिवशी तंबाखूची चिमूट पुढे करायचा. खोट बोलून दाखवली तर त्याला काम शिकवणाऱ्या बापाची अब्रू जाते, असं ही माणसं मानत. रीत चांगली होती यात शंका नाही. पण चांगल्या रीतीने एखाद्याचं वाटोळं व्हायचं असेल तर तेही होतं, आणि ते काळुरामच्या मुलाचं, भिवाचं झालं.

भिवा आठव्या वर्षापासून बापाबरोबर चिखल तुडवत होता. क्रिकेटशी त्याचा संबंध आला तोही जमिनीमुळेच. साधारण १८८३ साली ठाण्यातल्या वकिलांच्या मुलांनी आणि कोर्टातल्या कारकुनांनी मिळून एक क्लब काढला. साहेब खेळतो म्हणून आपणही खेळायचं, एवढाच त्यांचा विचार होता. त्यांनी बॅट आणली, दांड्या आणल्या, पण चेंडू पडायचा ती जागा अशी खडबडीत होती की पहिल्याच रविवारी दोघांचे दात हलले. तेव्हा क्लबाचे पुढारी मधुभाऊ गुप्ते यांनी कोपरीहून एक आगरी बोलावून घ्यायला सांगितलं. काळुरामला वेळ नव्हता, म्हणून सतरा वर्षांचा भिवा गेला. त्याने चार दिवसांत जमीन करून दिली आणि पाचव्या दिवशी ती कशी वागते ते पाहायला झाडाखाली बसून राहिला.

त्या दिवशी चेंडू टाकणारा कारकून तापाने घरी पडला होता. मधुभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिवाला हाक मारली. त्याने चेंडू हातात घेतला. चिखलाचे गोळे दाबून दाबून त्याची बोटं अशी तयार झाली होती की चेंडू सोडताना त्यांनी आपसूक त्याला पीळ दिला. चेंडू मधुभाऊंच्या बॅटीच्या बाहेर पडला, आत वळला आणि मधली दांडी घेऊन गेला. मधुभाऊ म्हणाले, “खड्डा राहिलाय रे तुझा तिथे.” भिवा जाऊन टाच ठेवून आला. खड्डा नव्हता. चेंडूच वळला होता. त्या क्षणाला त्याला जो आनंद झाला, तो पुढे लग्नाच्या दिवशीही झाला नाही, असं त्याने स्वतःच एकदा सांगितलं होतं.

मग तो क्लबातच राहिला. त्याला घेतलं याचं कारण मधुभाऊंचं मन मोठं होतं असं नाही. त्या मंडळींना बॅट फिरवायची हौस होती आणि उन्हात धावून चेंडू टाकायला सगळ्यांच्या जिवावर येई. घामाचं काम होतं, ते भिवाला मिळालं. बॅटिंगला तो शेवटी, आणि पुष्कळदा तेवढ्यात अंधार पडला म्हणून तेही नाही. सहा वर्षांत त्या क्लबाने जे सामने जिंकले ते सगळे भिवाच्या बोटांनी जिंकले, आणि सामन्यानंतरच्या चहाफराळात मधुभाऊंच्या कप्तानीची वाहवा होई. भिवा हे सगळं पाहत होता. पण रविवार आला की त्याचे पाय तलावाकाठच्या क्लबाच्या मैदानाकडे वळत. त्याची बायको बायजा म्हणायची, “हप्ताभर मिठात मरायचा न् रव्वारी उन्हात मरायचा, कंदी तरी घरान मर ना.” त्यावर तो हसायचा आणि जायचा.

ठाण्यात फेलिक्स नावाचा एक किरिस्ताव गृहस्थ राहत होता. मिशनच्या शाळेत शिकलेला, कल्याणला एका साहेबाच्या कचेरीत कारकून. साहेब लोकांच्या क्लबात धावा मांडायला तोच बसे. खेळता त्याला येत नव्हतं, पण खेळ त्याच्याइतका कुणाला कळत नव्हता. एका रविवारी त्याने भिवाला सात गडी काढताना पाहिलं आणि सामना संपल्यावर त्याला बाजूला घेतलं.

“भिवा, अरे, तू या लोकांत काय करतोस? तुला प्रोफेशनल व्हायला पाहिजे.”

भिवाला शब्द कळला नाही. फेलिक्सने समजावून सांगितलं. साहेबांच्या मुलखात काही माणसं असतात, त्यांचा धंदाच खेळायचा. क्लब त्यांना पगार देतो. ते साहेबांना सराव देतात, सामन्यात खेळतात, संघाबरोबर गावोगाव जातात. कल्याणच्या क्लबातला मेसन साहेब असाच एक माणूस शोधतो आहे.

“खेलाचा पगार?” भिवाने विचारलं.

“खेळाचा पगार.”

भिवा मान खाली घालून आपल्या पायांकडे पाहत राहिला. खाऱ्या पाण्याने भेगाळलेले, घोट्यापर्यंत पांढरे पडलेले पाय. त्या दिवसापासून मिठागरात त्याचं लक्ष लागेना. वाफा तुडवताना तो मनात चेंडू टाकत असे.

मेसन साहेबाने त्याला महिनाभर कल्याणला बोलावून जाळीत चेंडू टाकायला लावले. मैदानाच्या कडेला एक खोपटं होतं, तिथे तो राहिला. साहेब रांगडा होता, पण खेळाच्या बाबतीत सच्चा होता. पहिल्या आठवड्यात तो भिवाला शिव्या घालत होता, दुसऱ्या आठवड्यात दांड्या सांभाळत होता, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याने फेलिक्सला बोलावून सांगितलं की हाच माणूस पाहिजे. पण क्लबातले बाकीचे साहेब तयार नव्हते. मिठागरातल्या गड्याला आपल्या संघात घ्यायचं, तर त्याने तसं काहीतरी करून दाखवायला नको का, असं त्यांचं म्हणणं पडलं. तेव्हा ठरलं ते असं. नाताळात मुंबईचे साहेब दोन दिवसांच्या सामन्याला येणार होते. त्या सामन्यात भिवाने खेळायचं. त्याने गडी काढले तर नव्या वर्षापासून तो क्लबाचा प्रोफेशनल. नाही काढले तर परत मिठात.

आणि क्लबाचा माळी आजारी होता, म्हणून खेळपट्टीही भिवानेच करायची.

हे ऐकून फेलिक्स जागच्या जागी खूश झाला. “अरे, सगळं तुझ्याच हातात दिलंय की साहेबाने! मुंबईच्या मैदानांवर काय करतात ठाऊक आहे का तुला? आपल्या बोलरला पाहिजे तशी जमीन करतात. कुणी वाईट म्हणत नाही.”

भिवाने दहा दिवस घेतले. बापाने शिकवलं तसं तुडवलं, चोपलं, पाणी दिलं, पुन्हा चोपलं. पण एका टोकाला, दांड्यांपासून चार पावलांवर, जिथे त्याचा चेंडू नेमका पडायचा, तिथे हातभर लांब आणि वीतभर रुंद जागा त्याने कच्ची ठेवली. वरून सारवून अशी बेमालूम केली की साहेबाच्या बापाला दिसली नसती. आतून ती भुसभुशीत होती. उन्हाने वरचा पापुद्रा सुटला की तिथे पडलेला चेंडू हातभर वळणार होता. भिवाने एकदाच, कुणी नसताना, एक चेंडू टाकून पाहिला. चेंडू वळला तसा तो खाली बसला आणि त्याने दोन्ही हात जमिनीला लावून कपाळाला लावले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मुद्दाम वाईट काम केलं होतं, आणि ते त्याला सगळ्यात चांगलं साधलं होतं. याला लबाडी म्हणायची तर म्हणा. सहा वर्षं दुसऱ्यांसाठी घाम गाळणाऱ्याने स्वतःसाठी वीतभर जागा ठेवली, तर मला त्यात काही वाईट दिसत नाही.

सामन्याला दोन दिवस राहिले तेव्हा साहेबाने भिवाला आणि फेलिक्सला नवे चेंडू आणि दांड्या आणायला मुंबईला पाठवलं. ते पहाटेच्या गाडीने गेले आणि दिवेलागणीला परत आले. येऊन पाहतात तर खोपट्याच्या दारात काळुराम चिलीम ओढत बसलेला.

हा माणूस चेंडूच्या खेळाला सहा वर्षं नावं ठेवत होता. पण बायजाने त्याला सांगितलं होतं की कल्याणच्या या सामन्यावर भिवाची नोकरी आहे, आणि जमीनही त्यानेच केली आहे. नोकरीचं ऐकून तो निघाला नसता. जमिनीचं ऐकून निघाला.

“तुजी जमीन बगाला आलू,” तो म्हणाला.

“बगली?”

“बगली. बेस हाय.”

बापाच्या तोंडून ‘बेस’ हा शब्द भिवाने तोवर दोनदाच ऐकला होता. त्याला बरं वाटलं. काळुरामच्या नखांत ओला काळा चिखल होता, तोही त्याने पाहिला. पण त्याच्या नखांत चिखल कधी नव्हता? बापलेक भाकरी खाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून साहेबाने खेळपट्टीवर चटया घातल्या आणि भोवती दोरी बांधली. कुणी पाऊल टाकायचं नाही. संध्याकाळी चटया काढल्या तेव्हा भिवाने दोरीबाहेरून पाहिलं. सगळी जमीन एका रंगाची दिसत होती. आपली जागा आपल्यालाच ओळखू येत नाही, याचा त्याला मोठा अभिमान वाटला.

सामना सुरू झाला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. मैदानाच्या एका बाजूला तंबू, मडमा, बँडवाले. दुसऱ्या बाजूला चिंचेखाली बघ्यांची गर्दी आणि त्यात डोक्याला लाल फडकं बांधून उकिडवा बसलेला काळुराम. मुंबईच्या साहेबांनी बॅटिंग घेतली. तासाभराने, पापुद्रा सुटायची वेळ झाली असं पाहून, भिवाने मेसन साहेबाकडे पाहून मान हलवली आणि त्याने चेंडू भिवाच्या हातात दिला.

पहिला चेंडू नेमका त्या जागेवर पडला आणि सरळ गेला. बॅटवाल्याने तो सहज ढकलला. भिवाला वाटलं, बोटभर चुकला असेल. दुसरा टाकला. सरळ. तिसऱ्याला त्याने पीळ जास्त दिला, इतका की बोटाचं कातडं सोललं. तरी चेंडू सरळच आला आणि बॅटवाल्याने तो तंबूपर्यंत पोचवला. ओव्हर संपली. भिवा काडी उचलायचं निमित्त करून पुढे गेला आणि त्याने आपली टाच त्या जागेवर ठेवली.

दगड.

नुसती घट्ट नव्हती. खाडीच्या खाऱ्या चिखलाने भरलेली, आधी टाचेने आणि मग आडव्या चोपण्याने दाबलेली, कडांना दोनदा चोपलेली. कडांना दोनदा चोपणारा कोपरीत एकच माणूस होता. डोळ्यांनी काहीही कळलं नसतं. टाचेला लगेच कळलं.

त्याने चिंचेकडे पाहिलं. काळुरामने हात वर केला. तो हसत होता. पोराच्या कामात वीतभर खोट राहिली होती, ती आपण वेळेवर भरली, साहेबांपुढे पोराची अब्रू राहिली, आणि रीतीप्रमाणे एक शब्दही बोललो नाही, याचं समाधान त्याच्या तोंडावर मावत नव्हतं. चटया पडण्याच्या आदल्या दिवशी, भिवा मुंबईत असताना, साठी उलटलेल्या त्या माणसाने कल्याणच्या खाडीवरून डोक्यावर चिखलाच्या टोपल्या वाहिल्या होत्या.

भिवाने त्या दिवशी किती ओव्हर टाकल्या ते फेलिक्सच्या वहीत असेल. हात उचलेनासा झाला तरी त्याने चेंडू सोडला नाही. बापलेकांच्या त्या जमिनीवर त्या दिवशी कुणाचाच चेंडू वळला नाही, उसळला नाही, रांगला नाही. मुंबईच्या साहेबांनी मन मानेल तशा धावा काढल्या. दुसऱ्या दिवशी कल्याणच्या साहेबांनीही काढल्या. मेसन साहेबाने स्वतः शंभर काढल्या, आणि शंभर काढलेला साहेब किती दिलदार असतो ते काय सांगावं! सामना अनिर्णित राहिला. भिवाच्या नावावर एकही गडी लागला नाही.

संध्याकाळी साहेब घाम पुसत चिंचेखाली आला. बरोबर फेलिक्स होता. साहेब भिवाच्या खांद्यावर थोपटून बराच वेळ बोलला. फेलिक्स धावांची वही उगाच चाळत होता.

“बोल ना,” भिवा म्हणाला.

फेलिक्सने त्याच्याकडे न पाहता सांगितलं, “साहेब म्हणतो, बोलिंग ठीक आहे, तशी माणसं पुष्कळ मिळतात. पण अशी जमीन त्याने हिंदुस्थानात पाहिली नाही. मुंबईचे साहेबही तेच म्हणतात. उद्यापासून तू क्लबाचा माळी. कायमचा. पगार, राहायला खोली. जमिनीवर दुसरा कुणी हात ठेवायचा नाही, असं तो म्हणतो.”

“न् खेलाचा?”

“खेळायला दुसरा माणूस बघतील. माळी खेळत नाही, भिवा.”

काळुराम मध्येच पुढे सरकला. “क बोलतंय सायेब?”

भिवाने बापाकडे पाहिलं. आता बोलायला हवं होतं. सगळं ओठांवर आलं होतं. पण ज्याने काम शिकवलं त्याच्या कामातली खोट काढायची कशी? तीस वर्षांत ज्याच्या मिठाला कुणी नाक मुरडलं नाही त्याला, तू माझा जन्म बुडवलास, हे सांगायचं कसं? भिवा त्याच आगरातला होता. तो म्हणाला, “नोकरी लागली, बाबा. जमीन आवडली सायबाला.”

काळुरामने डोक्याच्या फडक्याला हात लावून साहेबाला मुजरा केला. मग आपली तंबाखूची पिशवी सोडून एक चिमूट भिवापुढे धरली. भिवाने ती घेतली. ती त्याने खाल्ली की फेकली ते कुणी पाहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मीठ सुटलं, कायमचा पगार लागला, डोक्यावर छप्पर आलं, आणखी काय पाहिजे? कोपरीतही सगळे तेच म्हणत. बायजाही तेच म्हणायची. भिवाला मात्र रोज सकाळी पाण्याची कळशी घेऊन त्या पट्टीवर जावं लागे, आणि दांड्यांपासून चार पावलांवर आलं की त्याचा पाय अडखळे. क्रिकेटवर पोट भरणारा माणूस व्हायचं होतं, तो झाला होता. रोज क्रिकेट त्याच्या डोळ्यांपुढे होतं. दुसरे खेळायचे आणि तो त्यांच्या बुटांनी पडलेले खड्डे भरायचा. चेंडूला त्याने पुन्हा हात लावला नाही. तंबूतून चुकून त्याच्याकडे चेंडू घरंगळत आला तर तो पायाने परत ढकलायचा.

माणूस आतून कडू झाला की त्याचा कडूपणा नको त्याच्या ताटात पडतो. वर्षभराने क्लबाने प्रोफेशनल ठेवला, तो फेलिक्सचाच पुतण्या, सिल्वेस्टर. वीस वर्षांचा, उमदा, बोटांत खरी जादू असलेला. आला त्या दिवशी तो भिवाला अदबीने म्हणाला, “काका, माझ्या चेंडूसाठी एवढीशी जागा कच्ची ठेवाल का? कुणाला कळणार नाही.” भिवाने त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगा दोन पावलं मागे सरला. त्या आठवड्यात भिवाने पट्टी नेहमीपेक्षा दोन दिवस जास्त चोपली. का चोपली ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मला मिळालं नाही ते याला कशाला, एवढंच त्याच्या मनात होतं, दुसरं काही नाही. सिल्वेस्टरला दोन हंगामांत बोटांवर मोजण्याइतके गडी मिळाले आणि साहेबांनी त्याला काढून टाकलं. तो पुढे गोदीत मुकादमाच्या हाताखाली लागला.

त्या वीतभर जागेचं सगळं भिवाने फक्त फेलिक्सला सांगितलं होतं. तो त्यानंतर एकदाच खोलीवर आला. बसला नाही. उंबऱ्याबाहेरून म्हणाला, “तुझ्या बापाला ठाऊक नव्हतं, भिवा. तुला ठाऊक होतं.” आणि गेला. पुढे ते दोघे त्याच मैदानावर आठवड्यातून दोनदा समोरासमोर येत आणि बोलत नसत.

कोपरीला तो फारसा जात नसे. कल्याणहून ठाणं काही लांब नव्हतं, पण बापापुढे बसलं की जीभ आवरता येईल याची त्याला खात्री नव्हती. काळुरामला यातलं काही कळत नव्हतं. साहेब पोराला सोडतच नाही, असं तो गावभर सांगे. “बापाचा हात उतरलाय त्याचे हातान,” असंही सांगे, आणि ते खोटं नव्हतं.

१८९८ च्या मार्गशीर्षात निरोप आला की म्हातारा थकला आहे, ये. भिवा दुपारच्या गाडीने गेला. वाफ्यांचं पाणी काढून झालं होतं आणि आगरात चोपण्यांचे आवाज चालू होते. काळुराम पडवीत खाटेवर पडला होता. अंगात काही उरलं नव्हतं, पण कान आगराकडे होते. भिवाला पाहून त्याने सेवेला आधीच येऊन राहिलेल्या बायजाला आणि बाकीच्यांना आत जायला सांगितलं.

“तुला एक सांगाचाय,” तो म्हणाला. “बोलू नये, पन मी चाललू. पोटान ठेवून जाववत नाय.”

भिवा खाटेजवळ बसला.

“तो नाताळचा खेल. तुजी जमीन बेस झाली होती. पन एक जागा कच्ची व्हती. दांड्यांपासून चार पावलांवर. हातभर लांब, वीतभर रुंद. तू मुंबईला गेलेलास, तवा मी भरली. कोनाला बोल्लू नाय. तुलाबी नाय. तू म्हनशील बापामुले नोकरी लागली. तसा नाय, पोऱ्या. बाकी सगली जमीन तुजीच व्हती.” त्याला धाप लागली. मग नऊ वर्षं मनात राहिलेला प्रश्न त्याने विचारला, “सगला एवढा चांगला केलास, मंग तेवढाच कसा रं ऱ्हायला?”

नऊ वर्षं ज्याची जुळवाजुळव केली होती ते सगळं उत्तर भिवाच्या तोंडाशी तयार होतं. राहिला नव्हता, बाबा. मी ठेवला होता. तो माझा जन्म होता, आणि तू तो चोपून काढलास. काळुराम त्याच्याकडे पाहत होता. डोळ्यांत काळजी होती ती एवढीच, की पोराला लागलं तर नाही ना.

“चुकला माजा,” भिवा म्हणाला.

“व्हतंय असा कवा कवा,” म्हातारा समाधानाने म्हणाला. त्याचा हात चाचपडत भिवाच्या टाचेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. “आथा तं नाय ना ऱ्हात कुटं कच्चा?”

“नाय बाबा,” भिवा म्हणाला. “आथा कुटंच ऱ्हात नाय.”